दादा आटला नाना? (बडोद्याच्या एका घरातला नात्यांचा घोळ)

रावपुरेकरीण · सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज राहवेना म्हणून धागा काढते आहे. चूक झाली तर सांभाळून घ्या.

धाकटे चिरंजीव दुसरीत. शाळेत 'माझं कुटुंब' असा प्रकल्प होता. पुठ्ठ्यावर झाड काढायचं आणि फांद्यांवर घरच्यांचे फोटो चिकटवायचे. फांद्यांची नावं बाईंनीच लिहून दिली होती : दादा, दादी, नाना, नानी, पप्पा, मम्मी. माझी त्या आठवड्यात ऑफिसात मान वर करायची सोय नव्हती. म्हटलं, तुझं तू कर.

त्याने केलं. 'दादा'च्या फांदीवर माझ्या जावेचा मुलगा, वय चौदा, डोक्यावर हेल्मेट, हातात बॅट. 'नाना'च्या फांदीवर माझे सासरे, कारण त्यांना घरी-दारी सगळे नानाच म्हणतात. सहा फूट उंची, पांढऱ्या झुबकेदार मिशा. 'दादी' आणि 'नानी' दोन्ही फांद्या रिकाम्या. "या कोण ते मला माहीत नाही, आपल्याकडे दोन आज्याच आहेत."

पालकसभेत बाईंनी ते झाड सगळ्यांसमोर वर धरलं आणि अगदी निरागसपणे विचारलं, "दादा आटला नाना, ने नाना आटला मोटा?"

गुजरातबाहेरच्यांसाठी सांगते. गुजरातीत दादा म्हणजे वडिलांचे वडील, नाना म्हणजे आईचे वडील. आणि नाना म्हणजे 'लहान'सुद्धा. म्हणजे आजोबा एवढे लहान आणि लहान एवढे मोठे! अख्खा वर्ग हसत होता. हसण्यात मीही होतेच, पण घरी येईपर्यंत डोक्यात किडा वळवळत राहिला. तोच शब्द आम्ही बोलतो, तोच शेजारी बोलतात, आणि मध्ये दोन पिढ्यांचा फरक कसा? आमचा दादा आणि त्यांचे दादा यांचं खरंच काही नातं आहे की नुसतं नावसाम्य? आणि पोराला शिकवू काय? नवरा म्हणतो, बडोद्यात राहायचं तर इथलं शिकू दे. सासरे म्हणतात, मला कुणी दादा म्हटलं तर मी ओ देणार नाही.

खंडेराव_मार्केट · रात्री ९:३०

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! ते वाक्य फ्रेम करून दिवाणखान्यात लावा. बाईंना माझ्याकडून एक प्लेट सेव उसळ.

जुना_बडोदेकर · रात्री १०:०५

ताई, हा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. मागच्या महिन्यात माझ्या नावाचं पार्सल आलं. पोरगा दारातून विचारतो, "दादा छे घरे?" दार उघडायला गेली नऊ वर्षांची नात. तिने ठणकावून सांगितलं, "दादा क्लासला गेलाय, सातला येईल." पार्सल परत. मी आत आरामखुर्चीत चहा पीत बसलेलो.

आणखी एक गंमत. १८७४ मध्ये बडोद्याचे दिवाण कोण होते? दादाभाई नौरोजी. आमच्या वडिलांचा आवडता विनोद होता की, या माणसाच्या नावाचा अर्थ मराठीत 'भाऊभाऊ' आणि गुजरातीत 'आजोबाभाऊ'. दरबारात मराठी आणि गुजराती दोन्ही मंडळी. हाक ऐकून कोण काय समजत असेल देव जाणे.

पुढे सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला, १९३१ साली निघाला. पण तो कचेरीसाठी. पालकसभेसाठी अजून कुणी काढलेला नाही.

सडेतोड · रात्री १०:२०

यात कोडं काय आहे? संस्कृत 'तात' पासून दादा. तात > ताद > दादा. गीतेत सहाव्या अध्यायात (६.४०) भगवंत अर्जुनाला 'तात' म्हणतात. मूळ आपलंच, बाकी सगळे अपभ्रंश. जगातले निम्मे शब्द असेच गेलेत बाहेर.

खंडेराव_मार्केट · रात्री १०:२४

आले! मी शेंगदाणे घेऊन बसतो.

लष्करवाला · रात्री ११:१०

ग्वाल्हेरहून. आमच्याकडे रावपुरेकरीणताईंच्या उलट. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लष्करात राहणारे मराठी (लष्कर हा आमच्या गावचा भाग आहे, फौज नव्हे). घरात मोठा भाऊ दादा, उंबरठ्याबाहेर हिंदीत दादा म्हणजे आजोबा. आम्हा पोरांना याचं कधीच काही वाटलं नाही. चप्पल घातली की अर्थ बदलायचा, इतकं सोपं. अडचण एकदाच झाली. मित्राने विचारलं, "तेरे दादा क्या करते हैं?" मी म्हणालो, "बारहवीं में फेल हो गए."

त्याच्या घरी माझ्या आजोबांबद्दल बरेच दिवस हळहळ होती.

कानडी_सून · मंगळवार, सकाळी ७:१५

@सडेतोड, माझ्या माहेरी, म्हैसूरकडे, आजोबांना 'तात' म्हणतात की हो. तेलुगूत 'तात', तमिळमध्ये 'तात्ता'. म्हणजे तुमच्या गीतेतला तात अर्जुन आणि आमच्या ओट्यावर तपकीर ओढणारा तात एकच का? तुमचा तात तर लहानालाही म्हणतात, थोरालाही म्हणतात. आमचा फक्त म्हाताऱ्याला.

भाषावेडा · सकाळी ८:४०

धागा आवडला. जरा लांबेल, कंटाळा आला तर सोडून द्या.

सडेतोड, तुमचं अर्धं बरोबर आहे. मराठीतला दादा (मोठा भाऊ), बंगालीतला दादा (मोठा भाऊ), गुजराती-हिंदी-पंजाबीतला दादा (आजोबा) आणि सिंधीतला डाडो (आजोबा) ही एकाच घरातली भावंडं. राल्फ टर्नर यांनी भारतीय आर्य भाषांचा जो प्रचंड तौलनिक कोश केला (१९६२ ते ६६), त्यात या सगळ्यांच्या मुळाशी 'दाद्द' असं रूप दिलं आहे आणि अर्थ दिला आहे, 'वडील किंवा घरातलं दुसरं कुणी वडीलधारं'. त्या रूपाला तारा (*) आहे. तारा म्हणजे हे रूप कुठल्या पोथीत सापडलेलं नाही, नातवंडांचे चेहरे पाहून आजोबांचं चित्र काढलंय. तेव्हा रावपुरेकरीणताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, तुमचा दादा आणि बाईंचे दादा सख्खे. अर्थ मूळचाच सैल होता, 'कुणी तरी वडीलधारं'. एकाने तो थोरल्या भावावर ठेवला, दुसऱ्याने आजोबांवर.

पण तेवढ्यावरून जगभरचा 'दादा' आपल्याकडून गेला म्हणायचं, तर मोठीच पंचाईत होईल. तुर्कीत आजोबांना 'देदे' म्हणतात. रशियनमध्ये 'देद'. स्वाहिलीत 'दादा' म्हणजे ताई. होय, ताई! आणि रुमानियाच्या खेड्यांत थोरल्या बहिणीला 'दादं' म्हणतात. रुमानिया आणि पूर्व आफ्रिका यांनी हा शब्द एकमेकांना पोस्टाने पाठवला नाही.

याची उकल बाळाच्या तोंडात आहे. बाळाला आधी काय जमतं? ओठ मिटून उघडणं : मा, बा, पा. जिभेचं टोक दातामागे टेकवणं : ता, दा, ना. बाळ काही अर्थाने बोलत नसतं, नुसतं वाजत असतं. भोवतालची मोठी माणसं मात्र कान टवकारून बसलेली, 'मला म्हणालं, मला म्हणालं!' ज्याने आधी पकडलं त्याचा तो शब्द. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास यावर छान लिहिलं आहे. त्याच्या हाताशी मानववंशशास्त्रज्ञ मर्डॉक यांनी जगभरातून गोळा केलेले १०७२ शब्द होते, ५३१ आईसाठी आणि ५४१ बापासाठी. आईच्या शब्दांत म, न असे नाकातले आवाज ५५ टक्के, बापाच्या शब्दांत जेमतेम १५. दूध पिताना बाळाचं तोंड भरलेलं असतं, आवाज नाकातूनच येणार. म्हणून कुरकुर 'म्‌म्‌', आणि ती कुरकुर आईच्या नावावर जमा.

पण हा नियम नव्हे, कल आहे. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. तेव्हा आवाज बाळाचा, वाटणी मोठ्यांची.

सडेतोड · सकाळी ९:०२

तारा लावलेल्या शब्दावर विश्वास, आणि गीतेतल्या लिहिलेल्या शब्दावर नाही. छान.

भाषावेडा · सकाळी ९:१५

विश्वास दोन्हीवर आहे हो. 'तात'चा 'दादा' व्हायला सुरुवातीच्या त चा द कशाने झाला ते सांगा, मी तुमचा शिष्य होतो. 'ताक'चं 'दाक' झालेलं नाही.

स्टुटगार्टचा_गणू · दुपारी १२:५०

बाळाच्या तोंडावरून आठवलं. पुतणी तीन वर्षांची, इथल्या पाळणाघरात जायची. माझा धाकटा भाऊ पुण्याहून आला होता, म्हणाला, आज मी आणतो तिला. फाटकाशी तो दिसताच ही आनंदाने किंचाळली, "काका! काका आला!" बाईंनी तिला क्षणात उचललं आणि थेट संडासाकडे धावल्या. जर्मन पोरांच्या भाषेत काका म्हणजे शी. फ्रेंच, स्पॅनिश पोरांचंही तेच. भाऊ फाटकात चॉकलेट घेऊन उभा, आतून पोरीचं रडणं, "मला काका पाहिजे!" आणि बाई म्हणताहेत, हो हो, होईल, जोर कर.

सेवउसळ_जादा_तिखट · दुपारी १:०५

ऑफिसात वाचत होतो. डबा अंगावर सांडला. नुकसानभरपाई कोण देणार?

अवांतर : 'बा' कुणीच कसं काढलं नाही? आमच्या शेजारच्या घरात बा म्हणजे आई, आजी, घरातली सर्वांत मोठी बाई. कस्तुरबांमधला बा तोच. आणि माझ्या सातारकडच्या मावशीच्या तोंडी 'माझा बा' म्हणजे बाप. ती पहिल्यांदा बडोद्याला आली तेव्हा शेजारीण म्हणाली, "मारां बा मंदिरे गयां छे." मावशी हळूच मला म्हणाली, "हिचा बाप एवढा म्हातारा, एकटा कशाला पाठवला?"

पाटी_पेन्सिल · दुपारी ३:३०

फाइन आर्ट्सची माजी विद्यार्थिनी हजर आहे. (आमची फॅकल्टी १९५० ची, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीचं वय कुणालाच ठाऊक नाही.) कलेच्या इतिहासाच्या तासाला सरांनी फळ्यावर 'दादा' लिहिलं आणि १९१६ म्हणाले. मागच्या बाकावर एक मिरजेचा मुलगा होता, त्याने वहीत इमानदारीत भाषांतर केलं : 'ज्येष्ठबंधुवाद'. ती वही आम्ही वर्षभर फिरवली.

झालं असं की, पहिल्या महायुद्धाच्या काळात युद्धाला कंटाळलेले कवी-चित्रकार झुरिकला जमले होते, स्वित्झर्लंड तटस्थ म्हणून. फेब्रुवारी १९१६ मध्ये ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्ज यांनी तिथे 'कॅबरे व्होल्तेर' सुरू केलं. ज्या शहाण्या, सुसंस्कृत जगाने लाखो माणसं खंदकांत मारली, त्याची भाषाच आम्हाला नको, असा त्यांचा पवित्रा. मंचावर अर्थहीन अक्षरांच्या कविता म्हणायच्या. त्या चळवळीचं नाव दादा.

नाव कसं पडलं यावर त्यांच्यातच भांडणं. शब्दकोशात सुरी खुपसली आणि हा शब्द निघाला, ही गोष्ट सर्वांत लाडकी. ह्यूगो बालच्या टिपणात आहे की रुमानियनमध्ये 'दा, दा' म्हणजे 'हो, हो' आणि फ्रेंचमध्ये दादा म्हणजे लाकडी घोडा. फ्रेंच माणूस 'हा त्याचा दादा आहे' म्हणाला तर समजायचं, हा त्याचा आवडता विषय आहे, सतत त्याच्यावर स्वार असतो. त्यांच्यातला त्रिस्तान झारा मूळचा रुमानियाचा. आणि सर्वांत गंमत म्हणजे त्याच काळात झुरिकमध्ये 'दादा' नावाचा साबण आणि केसांचं पाणी विकलं जात होतं.

म्हणजे बघा, या लोकांना अर्थ नसलेला शब्द हवा होता आणि त्यांनी निवडला जगातला सर्वांत जास्त अर्थ असलेला शब्द. भाषावेडा म्हणाले तसं, बाळाचं नुसतं 'वाजणं' त्यांना हवं होतं. पण बाळाभोवती मोठी माणसं असतातच.

खंडेराव_मार्केट · दुपारी ३:४२

सडेतोडांचा 'संस्कृत' हा दादा आहे. फ्रेंच अर्थाने म्हणतोय, गैरसमज नसावा.

सडेतोड · दुपारी ३:५०

मराठी अर्थाने घेतो. धाकट्यांचे कान दादानेच पिळायचे असतात.

जुना_बडोदेकर · संध्याकाळी ५:२०

पाटी_पेन्सिल, तुमच्या फॅकल्टीच्या आधी इथे कलाभवन होतं, १८९० चं. धुंडिराज गोविंद फाळके तिथेच चित्रकला शिकले. पुढे जग त्यांना दादासाहेब म्हणू लागलं. बडोद्याला दादांचं वावडं कधीच नव्हतं.

अलकापुरी_फलाट · रात्री ८:३५

भाषावेडांनी स्वाहिली ताईचा उल्लेख केला म्हणून लिहिते. एरवी मी हे कुणाला सांगितलं नसतं.

आमच्या मजल्यावर समोर एक गुजराती आजी राहायच्या. जन्म मोंबासाचा, साठच्या दशकाच्या शेवटी कुटुंब बडोद्याला परतलं. त्यांच्या स्वयंपाकघरात सुरीला 'किसू' म्हणायचे, शेंगदाण्यांना 'जुगु'. कसाव्याचे तुकडे तळून त्यावर मीठ-तिखट भुरभुरायच्या, त्याला 'मोगो'. मला वाटायचं हे सगळं चरोतरकडचं गुजराती असेल. ते स्वाहिली आहे हे त्यांनीच सांगितलं. उलट दिशेनेही गेलेत शब्द म्हणायच्या : तिकडे गाडीला 'गारी', विम्याला 'बीमा', लाखाला 'लाकी'.

एकदा दिवाळीच्या साफसफाईला मी हात लावायला गेले. देवघराशेजारी एक जुना फोटो होता, काळी-गोरी छपाई, कडा पिवळ्या. फोटोत एक आफ्रिकन बाई, अंगाभोवती फुलाफुलांचा कांगा गुंडाळलेला, कडेवर दोन वेण्यांची मुलगी. मी विचारलं, कोण? आजी फडक्याने काच पुसत म्हणाल्या, "आ मारी दादा."

मी मराठी डोक्याने भाऊ शोधला, गुजराती डोक्याने आजोबा शोधले. फोटोत दोन बायकाच. माझा चेहरा पाहून त्या हसल्या. म्हणाल्या, ती आम्हाला सांभाळायची, तिला सगळी पोरं दादा म्हणायची, तिकडे ताईला दादा म्हणतात, घरात काम करणाऱ्या मुलीलाही. बोट निघाली तेव्हा ती धक्क्यावर आली होती. पुढचं काही बोलल्या नाहीत. काच पुसून झाली होती तरी पुसत राहिल्या.

त्या गेल्या त्याला चार वर्षं झाली. मुलाने घर रिकामं केलं तेव्हा फोटो मी मागून घेतला. माझ्या मुलीला सांगितलंय, या समोरच्या आजींच्या दादा. तिला काही वावगं वाटलं नाही.

पाटी_पेन्सिल · रात्री ८:५०

🙏

कानडी_सून · रात्री ९:००

सुरेख लिहिलंत.

खंडेराव_मार्केट · रात्री ९:१०

मी आज रात्री विनोद करणार नाही.

निप्पोनकर · बुधवार, सकाळी ६:१०

ओठांवरून एक जपानी कोडं. सम्राट गो-नारा यांच्या नावावर १५१६ सालचा कोड्यांचा संग्रह आहे, त्यातलं : 'आईला दोनदा भेटतात, वडिलांना एकदाही नाही. कोण?' उत्तर : ओठ. आज जपानीत आई 'हाहा' आणि वडील 'चिचि'. दोन्हीत ओठ भेटत नाहीत, तोंडाने करून पाहा. पण त्या काळी आईचा उच्चार 'फाफा'सारखा होता आणि त्याच्या आधी 'पापा'. प चा फ, फ चा ह. म्हणजे जपानी लोक एकेकाळी आईला पापा म्हणायचे! हे कोडं म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या उच्चाराचं जणू रेकॉर्डिंग आहे, अभ्यासक ते पुरावा म्हणून वापरतात.

आणि रावपुरेकरीणताई, 'नाना' म्हणजे जपानीत सात. दुसरीतल्या मुलाला सात नाना परवडायचे नाहीत.

कानडी_सून · सकाळी ७:३०

तेलुगूत नान्ना म्हणजे बाबा. बघा, नानांची किंमत वाढतेच आहे.

चौसोपी · सकाळी १०:४५

सगळे जगभर फिरून आले, पण रावपुरेकरीण यांचा मुद्दा घरातला आहे. एकाच भाषेत भावाचा दादा बापावर कसा जातो ते मी आमच्या वाड्यात पाहिलंय.

आमच्याकडे वडिलांना आम्ही 'दादा' म्हणायचो. बाबा, पप्पा नाही. का, तर वडील पाच भावांत थोरले. चारही काका त्यांना दादा म्हणायचे, आत्या दादा म्हणायच्या, गडी 'दादासाहेब'. मी रांगायला लागलो तेव्हा त्या माणसाला दुसऱ्या नावाने हाक मारणारं घरात कुणीच नव्हतं. आजी तेवढी नावाने हाक मारायची, पण ते धाडस कुणाचं! म्हणून मीही दादा. आईला मोठी भावंडं 'वहिनी' म्हणायची, याच कारणाने. शेजारच्या गुजराती एकत्र कुटुंबात मुलं आईला 'भाभी' म्हणायची.

आता पुढे चला. माझा मुलगा जन्मला तेव्हा वडिलांना घरात सगळे दादाच म्हणत होते. तोही म्हणू लागला. झाले की नाही आजोबांचे दादा? एका वाड्यात तीस वर्षांत एकच शब्द भाऊ, बाप, आजोबा असा तिन्ही मजले चढून गेला. माणूस तोच, खाली वय वाढत गेलं. भाषेला हजार वर्षं मिळाली, तर गुजरात-महाराष्ट्रात वेगवेगळ्या मजल्यावर शब्द थांबला यात नवल काय?

भाषावेडा · सकाळी ११:२०

चौसोपी, माझ्या त्या लांबलचक प्रतिसादापेक्षा हे जास्त पटण्यासारखं आहे. +१.

दोन शेपट्या जोडतो. मराठीत 'दादला' म्हणजे नवरा, एकनाथांच्या भारुडात भेटतो तो. आणि कोकणीत 'दादलो' म्हणजे पुरुष. आणि आपला आजोबा? तो संस्कृत 'आर्यक' म्हणजे आजोबा, त्यावरून आजा. हिंदीच्या पूर्वेकडेही आजा-आजी आहेत. तिथून गिरमिटिये मजूर म्हणून त्रिनिदादला गेलेल्यांच्या वंशजांत वडिलांकडचे आजोबा अजूनही 'आजा' आणि आजी 'आजी'. म्हणजे रावपुरेकरीणताईंचं पोर त्रिनिदादच्या शाळेत असतं तर निम्म्या फांद्या पहिल्याच फटक्यात भरल्या असत्या.

लष्करवाला · दुपारी १:३०

१९७२ मध्ये युगांडातून आशियाई लोकांना नव्वद दिवसांत बाहेर काढणाऱ्या ईदी अमीनच्या नावातही दादा आहे. तो मात्र हिंदी सिनेमाच्या अर्थाने बरोबर बसतो. दादागिरीतला.

सेवउसळ_जादा_तिखट · दुपारी २:००

त्याला आजोबा म्हणा नाहीतर ताई म्हणा, आमच्या गल्लीत त्याचं नाव काढलं की दोन घरांत अजून दार लागतं.

सडेतोड · दुपारी ४:१५

बरं, एक कबूल करतो, उगाच आडमुठेपणा नको. गणेशोत्सवात माझं स्वतःचं निरीक्षण आहे. आमच्या मांडवात मराठी माणूस ओरडतो 'गणपती बाप्पा', शेजारचे गुजराती म्हणतात 'गणपती दादा'. मूर्ती एक, एकाचा बाप, दुसऱ्याचा आजोबा. हनुमान दादा, सूरजदादा, पालिताण्याला जाणारे जैन शेजारी आदिनाथ भगवंतांनाही दादाच म्हणतात. देवाला हाक मारताना दोघेही बाळाच्याच आवाजात मारतात. हे मला तात पासून सिद्ध करता येत नाही.

खंडेराव_मार्केट · दुपारी ४:१८

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

अलकापुरी_फलाट · दुपारी ४:४०

ताई, मूळ प्रश्नाचं काय झालं मग? पोराला काय शिकवलंत?

रावपुरेकरीण · गुरुवार, रात्री ९:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. नानांना धागा वाचून दाखवला. काकाच्या किश्श्याला इतके हसले की कवळी काढून ठेवावी लागली. मोंबासाच्या फोटोपाशी गप्प झाले. मग म्हणाले, "ठीक आहे. लावा मला दादाच्या फांदीवर. पण माझं नाव पण लिहा."

झाड आज पुन्हा दिलं. मी फक्त डिंक धरला. नानांच्या फोटोखाली पोराने लिहिलं : 'दादा (नाना)'. पुतण्यासाठी त्याने बुंध्यातून एक नवीनच फांदी काढली आणि लिहिलं : 'दादा (मोटाभाई)'. माझे वडील 'नाना (मोठे आजोबा)'. आता मोठे आजोबा सासऱ्यांपेक्षा तीन वर्षांनी लहान आहेत, पण तो वाद मी उकरला नाही. दादीच्या फांदीवर सासूबाई, 'आजी एक'.

बाईंनी तारा दिला. तारांकित म्हणजे पुरावा नसलेला, हे भाषावेडांमुळे कळलंय, तरी घेतला. मग कंसावर बोट ठेवून विचारलं, "दादा नाना केम?" चिरंजीव म्हणाले, "ए तो नानपणथी नाना छे."

(गुजराती न कळणाऱ्यांसाठी : ते तर लहानपणापासून नाना आहेत.)

खंडेराव_मार्केट · रात्री ९:४४

म्हणजे एवढं जग फिरून दादा शेवटी नानाच राहिले.

जुना_बडोदेकर · रात्री ९:५८

आणि नानीची फांदी?

रावपुरेकरीण · रात्री १०:०३

तीच तेवढी अजून रिकामी आहे. आईला म्हटलं, तुझा फोटो दे, 'नानी' खाली लावायचाय. तिने नवीन चष्म्यातलाच फोटो हवा म्हणून हट्ट धरलाय, आणि चष्मा शनिवारी मिळणार आहे.